मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, तास वेगळे

"मुंबईतलं शेवटचं जेवण आणि अमेरिकेतलं पहिलं जेवण, यांच्यामध्ये एकूण किती तास जाणार?" आईच्या डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा तिकिटाचा कागद माझ्या हातात होता आणि उत्तर त्यावर नव्हतं. मुंबईहून विमान रात्री २ वाजता सुटणार, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर त्याच तारखेला सकाळी ८.३० वाजता उतरणार, एवढंच छापलेलं. आईने शेजारून वाकून वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे साडेसहा तासच ना गं? साताऱ्याहून मुंबईला जायलाच तेवढे लागतात."

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावं लागतं. धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो, त्याच्याकडे तिला न्यायचं होतं. तासांचा हिशेब चुकला तर तिची साखर खाली जाणार, आणि तेही समुद्रावर, पस्तीस हजार फुटांवर असताना. तिथे अंदाजाने भागणार नव्हतं. माझी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली आहे. तेव्हा हा हिशेब मुळापासून स्वतःच करायचा असं ठरवलं. आता आपल्याकडच्या घराघरांतून वयस्क माणसं या प्रवासाला निघतात, त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं मांडते आहे.

पहिली गाठ घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात चार तास, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आम्ही सप्टेंबरात निघणार होतो, म्हणजे फरक साडेनऊ तासांचा. तिकिटावरचे साडेसहा आणि हे साडेनऊ मिळून सोळा. आईला सांगितलं तर ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "सोळा तास कुठून कुठे जातं ते? दाखव मला."

म्हणून कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. बारा इंच व्यासाचा, आपल्याकडे शाळांत असतो तसाच. त्याचा परीघ साधारण ९६ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर जवळपास ४१७ किलोमीटरचा. शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक आईला मुंबईवर धरायला लावलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर धरलं आणि दोरा ताणला. आईने आधी तो सरळ पश्चिमेला, अरबस्तान आणि आफ्रिकेवरून नेला होता. ताण दिल्याबरोबर दोरा सरकत सरकत उत्तरेकडे चढला आणि आइसलंडवर जाऊन बसला. मोजला तर तीस सेंटिमीटर. तीस गुणिले ४१७ म्हणजे १२,५०० किलोमीटर.

हा प्रयोग घरी प्रत्येकाने करून बघावा असं मला मनापासून वाटतं. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी लावून रेघ मारली की तीच जवळची वाट वाटते. मर्केटरच्या नकाशावर मारलेल्या त्या सरळ रेघेने खरोखर गेलं, तर १४,२०० किलोमीटर होतात. गोलावर ताणलेला दोरा बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून. दोन ठिकाणांमधलं पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर तेच. नकाशातली सरळ वाट आणि ही वाकडी दिसणारी वाट, यांत सतराशे किलोमीटरचा फरक पडतो.

दोऱ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून सूत्राने काढलं. मुंबई विमानतळ १९° ५' उत्तर, ७२° ५२' पूर्व. जेएफके ४०° ३८' उत्तर, ७३° ४७' पश्चिम. एक पूर्वेला त्र्याहत्तरच्या जवळ, एक पश्चिमेला चौऱ्याहत्तरच्या जवळ, शून्य रेखावृत्ताच्या दोन बाजूंना जवळजवळ समोरासमोर. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा, दोन्ही कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणायचं, आणि दोन्हींची बेरीज घ्यायची. जो आकडा येतो तो ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन. माझा ११२.७ अंश आला. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, त्यामुळे यात काही किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्याने आमचं काही अडत नव्हतं.

एक सूचना इथेच करते, कारण भावाशी फोनवर बोलताना आमचा बराच वेळ यात गेला. त्याने मैलांत ७,८०० च्या आसपासचा आकडा सांगितला आणि त्याच्या एका मित्राने ६,८०० च्या आतला. दोघंही बरोबर होते. एक रस्त्यावरचा मैल, १.६०९ किलोमीटरचा. दुसरा सागरी मैल, १.८५२ किलोमीटरचा, आणि विमानवाले हाच वापरतात. अक्षांशाच्या एका मिनिटाला एक सागरी मैल, इतकं ते सुटसुटीत आहे. अंतराचा आकडा कुठेही वाचलात तर आधी तो कोणत्या मैलात आहे ते पाहावं.

आईला मात्र वाटेतली गावं हवी होती. बृहद्वृत्ताची वाट मी तिला बोटाने दाखवत गेले: सौराष्ट्र, कच्छचं रण, सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियात व्होल्गाकाठचं सारातोव्ह, फिनलंडचा दक्षिण भाग, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, मग आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि कॅनडात लॅब्रॉडोर. सगळ्यात उत्तरेचा बिंदू आइसलंडच्या थोडा पूर्वेला, ६४.७ अंशांवर येतो, आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम दोन अंश खाली. आई म्हणाली, "पाकिस्तानवरून जाऊ देतील?"

तिने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि आम्ही त्याच वर्षी भारतीय कंपनीच्या थेट विमानाने निघणार होतो. २०१९ मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती अशीच बंद होती. रशियाची गोष्ट उलट आहे. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून, २०२२ पासून, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना येतं. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये दोन देशांची विमानं सोडली, तर एकाला एक दार बंद आणि दुसऱ्याला दुसरं. दोन विमानतळांमधलं अंतर ही भूमितीची गोष्ट झाली. त्यातलं किती आणि कुठून कापायला मिळणार, हे त्या वर्षीची राजधान्यांमधली भांडणं ठरवतात.

मग मी वळशाची वाट मोजली. मुंबई ते मस्कत सुमारे १,५९० किलोमीटर, मस्कत ते इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल ते लंडन २,४९० आणि लंडन ते जेएफके ५,५४०. बेरीज तेरा हजारांच्या जरा आत. एवढा मोठा वळसा दिसतो, पण जास्तीचे किलोमीटर साडेचारशे-पाचशेच, म्हणजे अर्ध्या तासाचं अंतर. मी बेरीज पुन्हा करून पाहिली, तरी तेच. सगळ्यात जवळच्या वाटेच्या थोडं बाजूने गेलं तर लांबी फार वाढत नाही. जितकं दूर सरकाल तितकी ती वेगाने वाढू लागते. मुंबईचं नशीब असं की पश्चिमेला सगळा समुद्र आहे. विमान उडालं की थेट अरबी समुद्रावर. दिल्लीच्या विमानांना आधी दक्षिणेकडे उतरून समुद्र गाठावा लागतो, त्यामुळे त्यांचा वळसा आपल्यापेक्षा मोठा पडला.

अंतर हाती आलं, पण डॉक्टरांना तास हवे होते. बोइंग ७७७ सारखं विमान हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं. तेरा हजाराला नऊशेने भागलं की साडेचौदा तास येतात. तिकिटावर सोळा. दीड तास कुठे गेला?

त्यातला बराचसा वाऱ्यात गेला. मध्य अक्षांशांत, विमानं जिथे उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. विमानाचे नऊशे किलोमीटर हे भोवतालच्या हवेच्या तुलनेत आहेत. हवाच समोरून येत असली तर जमिनीच्या तुलनेत तेवढे कमी होतात. अमेरिकेला जाताना वारा तोंडावर. पूर्ण वाटेवर सरासरी सत्तर धरला, तर वेग आठशे तीसवर येतो आणि तास साडेपंधराच्या पुढे. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं जमिनीवर जातात, कारण छापील वेळ विमान मुंबईच्या जागेवरून हललं तेव्हापासून तिथल्या दाराशी थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांगही त्यात आली.

निघण्याआधी काही दिवस मी मोबाइलवर त्याच विमानाचा रोजचा प्रवास पाहत राहिले. तीच कंपनी, तीच सुटण्याची वेळ, आणि हवेतला काळ एखाद्या दिवशी पंधरा तास वीस मिनिटं, तर एखाद्या दिवशी सोळाला टेकलेला. वाटही रोज थोडी वेगळी. उत्तर अटलांटिकवर तर हे रीतसर ठरवलं जातं. पलीकडे कॅनडातलं गँडर आणि अलीकडे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं शॅनविक, ही दोन नियंत्रण केंद्रं रोजचा वारा पाहून समुद्रावरच्या वाटा आखतात, दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी.

आता डॉक्टरांना उत्तर देता आलं. रात्री नऊला पार्ल्यात मावशीकडे जेवण. दोनला विमान. तिकडे साडेआठला उतरायचं, तपासणीची रांग, सामान, मग दीड-दोन तास गाडी, साडेबाराला एडिसनला जेवण. नऊपासून मोजत गेले तर पंचवीस तास. डॉक्टरांनी तेवढ्या तासांचा तक्ता करून दिला. त्यात "सकाळ", "रात्र" असे शब्दच नव्हते. पार्ल्याच्या जेवणापासून कितव्या तासाला तपासायचं, कितव्या तासाला खायचं आणि काय टोचायचं, एवढंच. प्रत्येकाचा तक्ता वेगळा असणार, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. मी फक्त त्याचा पाया सांगते आहे. आईचं मनगटी घड्याळ एडिसनपर्यंत भारताच्या वेळेवरच ठेवायचं ठरलं, आणि इन्सुलिन चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा खाली पोटात जातात, तिथे थंडी गोठवणारी असू शकते आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं.

विमानतळावरचं सगळं व्हीलचेअरमुळे सोपं झालं. मुंबईच्या पोराने आईला "आजी" म्हणत थेट दारापर्यंत नेलं.

विमान उडालं आणि समोरच्या पडद्यावर मी नकाशा लावला. तो पुढचे सगळे तास तसाच होता. ओमानचा किनारा, आखात, इराक, तुर्कस्तान, मग युरोप. पहिल्या तासांत उंची एकतीस हजार फुटांच्या आसपासच होती. पूर्ण भरलेलं ७७७-३०० ईआर उडताना साडेतीनशे टनांपर्यंत वजनाचं असतं आणि टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. एवढं ओझं घेऊन ते एकदम वर जाऊ शकत नाही. इंधन जळत जातं तसं हलकं होऊन टप्प्याटप्प्याने चढतं. अटलांटिकवर आमचा आकडा छत्तीस हजारांच्या वर गेला होता. शेजारी समोरच्या वाऱ्याचा वेग दिसायचा, कधी चाळीस, कधी शंभराच्या पुढे, आणि त्याबरोबर जमिनीवरचा वेग खालीवर व्हायचा. मी वर्गात फळ्यावर जे काढत आले ते समोर आकड्यांत घडत होतं. मला झोप आली नाही आणि यावी असं वाटलंही नाही.

आईला नवल वाटलं ते रात्रीचं. खिडकीबाहेर अंधार संपेचना. तिच्या घड्याळात सकाळचे आठ झाले, दहा झाले, बाहेर काळोखच. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने फिरते, पण पन्नास अक्षांशांवर तो वेग हजार-अकराशेवर येतो. आमचं विमान त्याच्या उलट दिशेने, पश्चिमेला, सूर्याच्या पुढे, आठशेहून अधिक वेगाने पळत होतं. उजेडाला आम्हाला गाठायला नऊ-दहा तास लागले. तिला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सूर्यच आपल्या मागून येतोय." मग खिडकीच्या फटीतून पहिली तांबडी रेघ दिसेपर्यंत तिने डोळा लावला नाही. दर दीड-दोन तासांनी मी तिला उठवून मधल्या वाटेत चालवत होते, पाय सुजू नयेत म्हणून. त्या फेऱ्यांत तिची दोन गुजराती आजींशी ओळख झाली. त्याही नातवंडांकडेच निघाल्या होत्या.

तक्त्यातल्या वेळा तंतोतंत पाळता आल्या, कारण त्या विमानातल्या जेवणावर अवलंबून ठेवल्या नव्हत्या. दशमी, खाकरा, साखरेच्या गोळ्या जवळ होत्या. हवेत पंधरा तास चाळीस मिनिटं गेली. पडद्यावर कापलेलं अंतर तेरा हजारांच्या थोडं वर दिसलं. माझ्या बेरजेपेक्षा थोडं जास्त, कारण विमान शहरांना जोडणाऱ्या सरळ रेघांनी जात नाही, ठरलेल्या बिंदूंवरून वळत जातं.

न्यूयॉर्कवर घिरट्या चालू असताना मी आईला सांगितलं की भारतीय कंपनीची इथे पहिली विमानसेवा १९६० च्या मे महिन्यात सुरू झाली, एअर इंडियाच्या बोइंग ७०७ ने, लंडनमार्गे. तेव्हा एका दमात इतकं अंतर जाण्याजोगी विमानंच नव्हती. आज सिंगापूरहून न्यूयॉर्कला पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर न थांबता जातात, अठरा तासांच्या वर. पृथ्वीवर दोन ठिकाणं एकमेकांपासून फार तर वीस हजार किलोमीटर दूर असू शकतात, त्यापुढे पृथ्वीच संपते. आई म्हणाली, "मग आपण निम्म्याहून जास्त पृथ्वी ओलांडली." खरंच ओलांडली होती.

परतीचा हिशेब पुन्हा नव्याने केला, जानेवारीत. जातानाचा तक्ता उलटा वाचून चालणार नव्हतं. एक तर आता फरक साडेदहा तासांचा होता. दुसरं, वारा पाठीवर होता आणि हिवाळ्याचा होता. दुपारी बाराला निघून तीनेक तासांत बाहेर अंधार पडला, इतक्या वेगाने आम्ही रात्रीच्या दिशेने जात होतो. अटलांटिकवर जमिनीवरचा वेग एकदा १,०८० च्या वर गेलेला पाहिला. विमान जवळच्या वाटेपेक्षा बरंच दक्षिणेकडून गेलं, मुद्दाम, वाऱ्याचा पट्टा जिथे जोरात होता तिथून. किलोमीटर जास्त पडले आणि तास कमी. हवेत चौदा तासांना दहा मिनिटं कमी, जातानापेक्षा पावणेदोन तासांहून अधिक वाचले. डॉक्टरांनी या खेपेला इन्सुलिनची मात्रा वेगळी लिहून दिली होती, कारण पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो आणि दोन इंजेक्शनांमधलं अंतरही. नुसते तास कमी झाले एवढ्यावर आपण मात्रा ठरवायची नसते, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

मुंबईहून साताऱ्याला यायला मात्र घाटातल्या कोंडीमुळे सात तास लागले. अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, आणि जवळपास निम्म्या विमानप्रवासाएवढा वेळ. म्हातारं माणूस सोबत असेल तर उतरल्यावर मुंबईतच एक रात्र मुक्काम करावा. आम्हीही पुढच्या वेळी तसंच करणार आहोत.

आता भाऊ मुलांना घेऊन मार्चअखेर येतो आहे. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, म्हणजे त्याच्या तिकिटावर फरक पुन्हा साडेनऊ तासांचा. हे त्याला कळवलं आहे, आणि विमान मुंबईत उतरण्याची वेळ त्याच हिशेबाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.